पन्नासच्या अगोदरचा कागद

चारठाणा,
रविवार

प्रिय सुकेशनी,

जय भीम. गुडघे सोडले तर मी बरी हाय. तुझी खुशाली विचारत न्हाई, कारण तू सांगणार न्हाईस. पुण्याला गेल्यापासनं तू बापाशी बोलतीस, रोहिणीशी बोलतीस, आणि मी फोनला हात पुढं केला की नेमकी तुझी सुट्टी संपलेली असती. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला मालूम हाय, कोंबडीनं उकरल्यासारखं, सावकाश वाच. तुझा बाप सांगायला होता की डॉक्टरकीच्या परीक्षेचे फॉर्म सुटलेत, महिन्याच्या अखेरीला बंद व्हायलेत, आणि तू भरत न्हाई म्हणतीस. कंपनीत गोळ्यांची पाकिटं भरायचं काम बरं हाय म्हणं. सांगता सांगता सिद्धोधनचे डोळे भरले. माझे न्हाई भरले. मला राग आला, आणि तो तुझा न्हाई.

अकरावीची पुस्तकं यायच्या आत तू जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं यादी लिहून भिंतीला चिकटवलीस. कॉलेजचा बोनाफाईड, बापाचा टीसी, तहसीलचा जातीचा दाखला, वंशावळीचं शपथपत्र, आणि सगळ्यात खाली, आजोबांचा पन्नास सालच्या अगोदरचा पुरावा. हे सगळं जोडून जातपडताळणीला अर्ज द्यायचा, तिथनं व्हॅलिडिटी येती, आणि ती हातात नसली तर लागलेली सीटबी जाती, हे तूच मला समजावलंस. मी तुला हसले होते. दोन वर्सं हायेत की अजून, म्हणले, आत्ताच कशाला जीव खातीस. तू म्हणलीस, आजी, अकरावीतच सुरू करायचं असतं, बारावीला सुरू करणाऱ्यांची दरवर्सी पळापळ होती. आणि व्हायचं काय, तर जनावरांची डॉक्टर. कस्तुराबाईची म्हैस अडली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं कोपरापर्यंत हात घालून रेडकू फिरवलं, तू बादली धरून उभी होतीस, तिथंच तुझं डोकं फिरलं.

आमच्या मास्तरला, तुझ्या आजोबाला, ते सुरुवातीपासनं रुचलं न्हाई, तुला आठवत असेल. छप्पन साली आपण मेलेली ढोरं ओढायची सोडली, म्हणले, ती काय नातीनं परत ढोरांमागं फिरावं म्हणून? माणसांची डॉक्टर हो, कलेक्टर हो. तू म्हणलीस, आजोबा, मेलेलं ओढणं आणि जितं वाचवणं एकच हाय का? ते चप्पल घालून बाहेर गेले. लग्न झाल्यापासनं बघायले मी, कुणी असं पेचात धरलं की ते उठून जातात, आणि विसरत मात्र न्हाईत.

तुला तुझ्या आजोबाचं लय कौतुक. गावालाबी हाय. छत्तीस वर्सं शाळेत मास्तर. हजेरीत कुण्या लेकराचं नाव त्यांनी कधी अर्धं लिहिलं न्हाई. नाग्या म्हणून कुणी हाक मारली तर खुर्चीतनं उठायचे, म्हणायचे, नागनाथ म्हण, पुरं नाव हाय त्याला. एवढं सगळ्यांना शिकवलं, मला शिकवायचं तेवढं राहून गेलं. मी तुझ्या बापाच्या पाटीवरनं शिकले. तर हे मास्तर तुझ्या पुराव्यासाठी वालूरला गेले, कारण लहानपणी ते तिथल्याच शाळेत शिकले. पहिल्या खेपेला हेडमास्तर मीटिंगला गेलेले. दुसऱ्या खेपेला कपाटाची किल्ली सापडंना. तिसऱ्या खेपेला येऊन पायरीवर बसले आणि म्हणले, रजिस्टर वाळवीनं खाल्लं. तू रडलीस, त्यांनी तुझ्या डोक्यावरनं हात फिरवला. त्यांचं नोकरीचं पुस्तक घेऊन तू परभणीला चकरा मारल्यास, पण ते चौसष्ट सालचं. आपल्याला ना शेत, ना सातबारा. पन्नासच्या अगोदर आपण होतो हे सांगायला दुसरं काय असणार?

पुढचं तुला सांगायला नको. मार्कं पडले, सीट लागली, विहारात तुझ्या नावानं खीर वाटली. मग कागद मागितला, मुदत दिली, मुदत संपली, सीट गेली. पन्नास सालचा कागद अजून चालतो आणि तुझे मार्कं वर्सभरबी चालत न्हाईत, असला हा कायदा. त्यानंतर ज्याला त्याला तोंड फुटलं. तुझे सर म्हणले, वेळेत सुरू करायचं ना. कस्तुराबाई म्हणली, पोरगी हुशार पण ढिली. तुझी मामी लातूरहून फोन करून तेच बोलली. तुझ्या बापानंबी एकदा म्हणून घेतलं. तू खाली मान घालून ऐकलंस आणि आठ दिवसात बॅग भरलीस.

बापानं तुला फोनवर सांगितलं की कागद सापडला, दोघी बहिणींचे पडताळणीचे अर्ज गेले, तुझ्या मोबाईलवर आलेला नंबर मागितला तो त्यासाठीच. कुठं सापडला ते सांगितलं न्हाई. मी सांगते. वाळवीनं काही खाल्लं न्हाई. मास्तरला पहिल्याच खेपेला उतारा मिळाला होता. रजिस्टर निजामाच्या वेळचं, उर्दूत. तिथल्या रिटायर उर्दू मास्तरनं खाली मराठीत तर्जुमाबी लिहून दिलेला. नाव, सूऱ्या. बापाचं नाव, धोंड्या. बापाचा पेशा, मेलेली ढोरं ओढणे. जातीच्या रकान्यातला शब्द मी लिहीत न्हाई, त्या शब्दानं मला लहानपणी लोकांनी हाका मारल्यात. तेवढ्या चार रकान्यांसाठी त्यांनी तो कागद पेटीत, पेन्शनच्या फायलीत घालून ठेवला. मागच्या महिन्यात रोहिणी तिच्या अकरावीच्या अर्जासाठी विचारायला गेली, तर तिलाबी वाळवीच सांगायले. मी उठले, पेटी उघडली आणि कागद पोरीच्या वहीवर ठेवला. तेव्हापासनं मास्तर माझ्याशी बोलत न्हाईत, भिंतीकडं बघून जेवतात. जेवू दे.

आता ज्याच्यासाठी बसले ते लिहिते. तुझ्या बापाला वाटतं मला कागद आत्ता सापडला. तू बारावीला होतीस, तुझ्या परीक्षेला सहा महिने होते, तेव्हाच तो माझ्या हाताला लागला होता. बँकेत हयातीचा दाखला द्यायचा म्हणून मी फाईल काढली. तर्जुमा वाचायला मला वेळ लागला, तोवर मास्तर आत आले. ज्या माणसानं जन्मभर माझ्याकडं चहाबिगर काही मागितलं न्हाई, त्यानं हात जोडले. म्हणले, कुसुम, लेकरांनी मला सूर्यभान म्हणूनच बघावं, एवढं झाक. मला दया आली असं समजू नको. मला बरं वाटलं. गावाला शिकवणारा माणूस माझ्यापुढं वाकला, याचंच बरं वाटलं, आणि मी कागद होता तिथं ठेवला. तू चकरा मारत होतीस ते बघत राहिले. सीट गेली त्या दिवशी बोलले न्हाई, तू बॅग भरलीस त्या दिवशीबी न्हाई. रोहिणीसमोर पेटी उघडली तेव्हासुद्धा आत्ताच सापडल्यासारखं तोंड केलं. परवा रोहिणीला विचारलं की ताई फॉर्म का भरंना. ती म्हणली, ताई म्हणती, चूक माझीच, मी उशिरा सुरू केलं, ज्याला वेळ पाळता येत न्हाई त्यानं डॉक्टर होऊ नये. तू उशीर केला न्हाईस, सुकेशनी. तू बराबर वेळेवर होतीस. माफ कर म्हणत न्हाई, माफ करण्यासारखं ते न्हाईच. फॉर्म भर, नको भरू, तुझी मर्जी. पण लहान बहिणीला परत असलं खोटं शिकवू नको. उशीर कुणी केला असं तिनं विचारलं, तर माझं नाव सांग.

तू मान, नको मानू, तुझीच
कुसुमबाई