वेणीला लागलेली कीड

बंगळूर
ता. ९ एप्रिल १९६४, गुरुवार

ती. स्व. आण्णा यांस,

धाकट्या भावाचा, सोपानचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इकडं खुशाल. तिकडं तुमी, सुलावहिनी, गुरंढोरं खुशाल असावीत. एवढं लिहून झालं, आता विचारतो. तिचं ऐकून तरी घ्यायचं होतं की न्हाई?

दरवेळी तुमचं हेच. आधी निकाल, मग चौकशी. मला साखर कारखान्यावरनं काढलं, तवाबी मी घरी पोचायच्या आत तुमी गावात सांगून मोकळे झाला होता की सोपाननं भांडण केलं असंल. केलंच होतं, ती गोष्ट निराळी. पण विचारायचं.

तुमचं पत्र परवा आलं. "तुझी बायको तुझ्या माघारी दारू पिते. चुलीमागं बाटली घावली. तिच्या भावाला बोलावून तिला कुपवाडला माहेरी धाडली. माळकऱ्याच्या घरात हे चालायचं न्हाई." मला वाचायला वेळ लागतो हे तुमाला ठाऊक हाय. हे एका दमात वाचलं.

बनू पीत न्हाई.

सुलावहिनींना वास आला म्हणता. आला असंल. वहिनींना विचारा, वास तोंडाचा होता का बोटांचा. तुमीच पुढं लिहिलंय की ती एवढंच बोलली, "झाडाला आणली." त्यावर ओट्यावर बसलेला नाथाजी म्हणाला, आता झाडंबी प्याया लागली व्हय, मग माझ्या आंब्यालाबी घोटभर द्या. सगळे हसले म्हणता. तुमीबी हसला का, ते लिहिलं न्हाई.

आण्णा, ती खरं बोलली.

परड्यात वळचणीला जांभळाची फांदी टांगली हाय ना, त्यावर सीतेची वेणी हाय. तुमी तिला बांडगूळ म्हणता. ती बांडगूळ न्हाई, झाडाचं काही खात न्हाई, नुसती त्याच्यावर बसती आणि हवेतलं पाणी पिती. आमच्या सायबाच्या काचघरात असली दीडशे ऑर्किडची झाडं हायेत, दूर देशाहून आणलेली. ती पुसायची, फवारायची, त्यांची कीड वेचायची, हेच माझं काम. दोन वर्षं एका जागी टिकलोय, तुमालाबी नवल वाटत असंल.

होळीच्या सुमाराला बनूचं कार्ड आलं. मी इकडं आल्यापासनं ती लिहायची ते तुमच्या पत्राच्या खाली एक ओळ, 'बरी हाय.' हे पहिलं कार्ड तिनं आपणहून टाकलं. "वेणीला पीठ मारल्यावानी पांढरं धरलंय. मुंग्या लागल्यात. पानं पिवळी पडत्यात. तुमी तिथं हेच काम करता ना, मग काय करू ते कळवा." दोन वर्षांत तिनं मला एवढंच मागितलं. कार्ड घेऊन मी दिवसभर हिंडलो.

ती कीड मला पाठ हाय. पिठ्या. पानाच्या बेचक्यात, मुळांच्या खाली कापसाच्या बोंडागत बसती, आतनं रस ओढती, वर चिकटा सोडती. त्या चिकट्यापायी मुंग्या येतात आणि पिठ्याची राखण करतात, या फांदीवरनं त्या फांदीवर उचलून नेतात. पाण्यानं धुतलं तर चार दिवसांत परत. इथं सायबाकडं स्पिरिटची बाटली असती. काडीला कापूस गुंडाळायचा, जरासा बुडवायचा, एकेक किडा टिपायचा. ओतायचं न्हाई, उन्हात करायचं न्हाई. आठ दिवसांनी परत, कारण अंडी राहतात.

आता गावात स्पिरिट कुठलं? म्हणून मीच लिहिलं. होय, मी लिहिलं. हातभट्टीवाल्या कोंडीबाकडं जा, माझं नाव सांग, पावशेर घे, पाणी घालून कापसानं लाव. आणि खाली लिहिलं की हे आण्णाला कळू देऊ नकोस. दारूबंदीपायी न्हाई. तुमाला वाटंल सोपान परत सुरू झाला, म्हणून. तिनं माझा शब्द पाळला. तुमी सगळ्यांसमोर विचारलं, बाटली नाचवली, तरी माझं नाव घेतलं न्हाई. माझं कार्ड तिच्या ट्रंकेत असंल. दाखवलं असतं तर पाच मिनिटांत सुटली असती.

तुमचं पत्र आल्यावर मी इथल्या थोरल्या माळ्याला सगळं सांगितलं. कानडी म्हातारा. तो म्हणाला, अरे, रिठ्याच्या पाण्यानं जाती की ही. रिठे रातभर भिजवायचे, फेस काढायचा, त्यात कापूस बुडवायचा. आमच्या घरात रिठे न्हाईत का? डब्यात भरून हायेत, वहिनी केस धुतात त्यांनी. मला ते आधी विचारायचं सुचलं न्हाई. मला बाटलीच सुचली. कीड मारायची म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा कोंडीबाचं झोपडं आलं. माणूस कुठल्या वाटेनं चालून सवयीचा झालाय, ते असं कळतं.

आता इथं थांबावं असं वाटतंय. दोनदा पेन खाली ठेवलं. पण निम्मं सांगून तुमी तिला आणायला जाणार न्हाई, मी तुमाला ओळखतो.

ती वेणी मी कवा आणली, आठवतंय? जेठ महिना होता. जाईला ताप होता. बनूनं मला सकाळी सांगितलं होतं, पोरीला पाटणला डॉक्टरकडं नेऊ या, अंग लय तापलंय. मी म्हटलं, नदीपलीकडनं पैसे घेऊन येतो, तासात आलो. आलो ते दुसऱ्या दिवशी. तवर तुमी तिला पुरून आला होता. मी सगळ्यांना सांगितलं की लाकडं विकून पैसे करावेत म्हणून पलीकडच्या रानात गेलो, मागं नदीला पाणी आलं, अडकलो. तुमी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, तुझ्या हातात काय होतं गड्या.

नदीला पाणी नव्हतं आण्णा. गुडघाभरबी नव्हतं.

मी कोंडीबाकडं पडलो होतो. सकाळी जाग आली तवा त्याच्या झोपडीमागं जांभळाची फांदी मोडून पडली होती, तिच्यावर ही वेणी फुललेली. ती उचलली. बनूसाठी म्हणून न्हाई. रानात होतो हे दाखवायला काहीतरी हातात पायजे म्हणून. दारात आलो तर बाया बसलेल्या. बनू माझ्याजवळ आली. इतकी जवळ की तिला वास आलाच. माझ्या तोंडाकडं बघितलं, हातातल्या फुलांकडं बघितलं. वाटलं, आता बोलंल. तिनं माझ्या हातातनं फांदी काढून घेतली आणि आत गेली. पुढं चार दिवसांनी तुमी माझ्या गळ्यात माळ घातली, तवा ती फांदी सुतळीनं वळचणीला बांधत होती.

ती ते झाड का जगवती मला कळत न्हाई. माझं खोटं टांगून ठेवायला, का तो दिवस, का पोरीच्या मागं घरात आलेली ती एकच जिती वस्तू म्हणून. विचारायची छाती झाली न्हाई, इकडं पळून आलो. पण कीड लागल्यावर तिनं मलाच विचारलं. दुसऱ्या कुणाला न्हाई. आणि मी काय दिलं? ज्या वासानं तिची पोर गेली, तो वास तिच्या बोटांना लावला. त्याच वासापायी तिला घराबाहेर काढली.

मी येऊन तिला आणीन म्हणाल, तर त्यानं तिचं नाव धुतलं जायचं न्हाई. लोक म्हणतील नवरा भुलला. तुमी काढली, तुमीच आणा. कुपवाडला जाऊन तिच्या आईबापासमोर सांगा. आणि हे पत्र ओट्यावर वाचा, नाथाजी असताना वाचा, नदीचं वाचताना आवाज बारीक करू नका. माझं जे व्हायचं ते होऊ दे. त्यानंतर मी गावात तोंड दाखवावं का न्हाई, ते तुमी ठरवा.

वेणी उकिरड्यावर टाकली असंल तर आजच उचला. मुळं पांढरी-हिरवी असली तर जगंल. मातीत पुरू नका, कुजंल. सावलीत टांगा. रिठ्याचं पाणी तुमीच लावा, तुमच्या हातानं. पानाच्या बेचक्यात बघा. जिथं तिनं टिपलंय तिथली पानं स्वच्छ दिसतील. बाटलीत पावशेर होतं, किती उरलं ते मोजा. दोन बोटांवर कमी झालं असंल तर मी खोटा. फांदी टांगलेल्या सुतळीला खोबरेल चोळा, मुंग्या उतरणार न्हाईत. फुटव्यात कळी दिसली तर तिला हात लावू नका. ती कळी पहिल्यांदा बनूनं बघायला पायजे.

जागेवर बसवत न्हाई. काचघरात दहा फेऱ्या मारून आलो, सायब विचारत होता काय हरवलं. उत्तर लवकर धाडा. न्हाई धाडलं तरी बारा दिवसांनी मी गाडीत बसंन, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

वहिनींना नमस्कार. त्यांच्यावर राग न्हाई. ज्याच्यावर हाय तो हे लिहितोय.

तुमचा अपराधी भाऊ,
सोपान

ता. क. मनीऑर्डर वेगळी केलीय, घरखर्चाची न्हाई. पाटण ते कुपवाड जाताना एक तिकीट, येताना दोन. आणि तिच्या ओटीला खण-नारळ, हिरवा खण बघा. सगळे मिळून रुपये बारा.