तो राग तुमचा नव्हता

अहो,

तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. केडगाव सोडून मी गेले होते कुठे! आज लिहितेय, कारण काल बेबीनं विचारलं, "आई, मी बाबांना नकोशी झाले होते का गं?" आठ वर्षांच्या पोरीला काय सांगू?

कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचात, आणि घरातही तेच! "मेंदू म्हणजे बंद पेटी, सुमन. आत डोकावू नकोस, माणूस वागतो कसा ते बघ. सवय लागते, तशी मोडताही येते." घोडेगावच्या बाजारात बैलाला पेंड चारून वळण लावणारा कुणी दिसला की तुमचा चेहरा कसा फुलायचा!

मग गेल्या वर्षी तुमचे राग सुरू झाले. ताट भिरकावलंत. जरा आवाज झाला की बेबीच्या अंगावर धावून जायचात. दूध घालणारी गंगूबाई दारातच थबकली. "मास्तरास्नी काय झालंय वो? लई गरीब मानूस हुतं." मी डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणालात, "वाईट सवयीला औषध नसतं." आणि स्वतःलाच शिक्षा लावलीत! ज्या दिवशी चिडलो, त्या दिवशी चहा बंद. चहाशिवाय तुमचं पान हलायचं नाही, आणि शेवटी शेवटी चहाचा घोट नाही! स्वतःला इतकं वाईट का समजलात? फार राग येतो मला तुमचा.

शेवटी मीच हट्टानं नेलं, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी डोक्यात गाठ सांगितली. ऑपरेशनला नेताना माझा हात धरून विचारलंत, "म्हणजे तो मी नव्हतो ना, सुमन?" मी तोंड उघडेपर्यंत दार लागलं. तुम्ही पुन्हा जागे झालाच नाहीत.

नव्हतात हो तुम्ही! पण राग त्या गाठीचा, तर माया कुणाची? बेबीच्या वेण्या घालताना केस ओढू नयेत म्हणून मुळाशी धरायचात, तीही मेंदूचीच करामत? असेल. मी तरी ते तुमचंच म्हणणार.

तुम्हाला द्यायचं राहिलेलं उत्तर आज बेबीला देणार आहे. पण नुसत्या सांगण्यानं भागणार नाही. ती अजून घरात चवड्यांवर चालते. तिच्या डोक्यात गाठ नाही. ही भीती तिला इथेच जडली. इथे तुमचीच विद्या लागेल. रोज तिला तुमच्या खोलीत घेऊन बसेन, गाणी म्हणायला लावीन, दचकली की जवळ घेईन. ती या घरातून धपाधप पाय आपटत पळेल, तोवर मी सोडायची नाही.

तुमचीच,
सुमन