टाकीवरच्या तारखा

११ जुलै, गुरुवार

आलो एकदाचा अपाची जंक्शनला! युमातली कलिंगडं संपली, टूसॉनमधलं छपरांचं काम मीच सोडलं, आणि आजपासून मी स्विमिंग पूलवाला. वर्षातला चौथा धंदा. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणतात ते काही खोटं नाही. नवी वही घेतलीय, बघू किती दिवस लिहितो ते.

बॉसचं नाव डॉन चेमा. साठीचा, पाठीत वाकलेला, मिशीला क्लोरीनचा वास. शाळा किती झाली विचारलं. म्हटलं, नववी, तीही अर्धी. म्हणाला, भरपूर झाली, पाण्याला अर्धवट माणसंच आवडतात, पुरी शिकलेली बुडतात. आणि स्वतःच खो खो हसला. हसताना माझी किडलेली दाढ ठणकली, तरी हसलो.

काम सोपं आहे. फिल्टर म्हणजे पुरुषभर उंचीची बंद टाकी, आत कापड चढवलेल्या जाळ्या. कापडावर पांढऱ्या भुकटीचा थर बसतो आणि पाणी त्यातून गाळून जातं. थर मळला की दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढतो. मग टाकी उघडायची, जाळ्या धुवायच्या, पुन्हा नवी भुकटी पाण्यात कालवून ओतायची. डॉन चेमाचे नियम दोनच. एक, उघडण्याआधी पंप बंद, हवा सोडायची, काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी बघायचा. टाकीचा वरचा अर्धा भाग म्हणजेच झाकण, कमरेशी पट्ट्याने आवळलेलं; काटा वर असताना पट्टा सैल केला तर ते तोफेसारखं उडतं. त्याच्या मेहुण्याचा जबडा असाच गेला, तेव्हापासून घरात शांतता आहे म्हणे. दोन, जाळी धुताना हातमोजे नाहीत. कापडाला बारीक चीर पडली तर ती दिसत नाही, उघड्या बोटांनी सगळं कापड चाचपावं लागतं. चीर राहिली तर भुकटी पूलमध्ये जाऊन तळाशी बसते आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं.

आजचं शेवटचं घर टिबेट्सबाईंचं. म्हाताऱ्या एकट्याच राहतात, नवरा मार्चमध्ये गेला. टाकी शेडच्या बाहेर भिंतीला लागून, पंपाचं बटण शेडच्या आत. माझी भुकटी संपली होती. शेडमध्ये फळीवर कॉफीचा निळा डबा मिळाला, करड्या-पांढऱ्या भुकटीने भरलेला, वर मापटं. गिऱ्हाइकाचा माल असेल तर आधी तो वापर, असं डॉन चेमाने सांगितलंच होतं. सगळा ओतला. थोडी भरड होती.

मग टाकीवर काळ्या पेनने तारीख, इथल्या रीतीने महिना आधी, आणि स्वच्छ फिल्टरचा दाब लिहिला: ७/११, १२ पौंड. आमच्या धंद्यात वही नसते, टाकीवरच लिहितात. माझ्या सातच्या पोटात आडवी रेघ असते, आजोबांची सवय. वरच्या सगळ्या तारखा टिबेट्स म्हाताऱ्याच्या हातच्या, एकतीस वर्षांच्या. सुबक अक्षर. येताना रस्त्यात लाव्हरीची दहा पिल्लं रांगेने पळत होती, त्यांच्या मागे गेलो आणि गाडीची किल्ली हरवली. सापडली.

१८ जुलै

एकशे तेरा डिग्री फॅरनहाइट. सगळीकडे ठीक, टिबेट्सबाईंकडे काटा अठ्ठावीसवर. एका आठवड्यात! तिथे कोणी पोहतही नाही. उघडलं. कापडावरचा थर नळीच्या पाण्याने निघेना. सायीसारखा लवचिक, गार. बाहेर भाजतंय आणि तो गार. हाताने तासभर चोळला तेव्हा थोडा सुटला. चीर कुठे सापडली नाही.

संध्याकाळी बोटांच्या टोकांना काही लागेना. गरम तव्यावरची मक्याची तॉर्तिया हाताने उलटली. डॉन चेमा म्हणाला, वा, आता चिमटा विकून टाकतो.

दाढ दुखायची थांबली. हे बाकी झकास झालं.

२५ जुलै

फोन माझं बोट ओळखत नाही. दिव्याखाली बघितलं, दहाही टोकं गुळगुळीत. डॉन चेमाने स्वतःची बोटं दाखवली, तीही गुळगुळीत. म्हणाला, ॲसिड आणि क्लोरीन रे, मी बँक लुटली तरी पोलीस मला शोधू शकणार नाहीत, फक्त माझी बायको शोधेल.

मग टिबेट्सबाईंकडे गेलो. काटा तीसवर. जाळी बाहेर काढली, आणि उन्हात तिरकी धरल्यावर थरावर रेघा दिसल्या. बारीक, गोल गोल फिरत गेलेल्या. मोजलं तर दहा ठिकाणी. एका ठिकाणी गोलांना छेदून वाकडा वण. कलिंगडाच्या सुरीने माझ्या अंगठ्यावर केलेला. अंगठा बघितला. वण नाही.

तिथेच खडीवर बसलो. तेवढ्यात बाई लिंबाचं सरबत घेऊन आल्या आणि शेडमध्ये डोकावल्या. विचारलं, बाळा, फळीवरचा निळा डबा कुठे गेला? सांगितलं, वापरला. त्यांनी सरबताचा ग्लास फळीवर डब्याच्या रिकाम्या जागी ठेवला. मग म्हणाल्या, त्यात ऑर्विन होता.

नवऱ्याची राख. पूलमध्ये सोडा असं तो सांगून गेला होता, मुलगा नको म्हणाला, म्हणून त्याच्याच फिल्टरजवळ ठेवली होती. मापटं त्याचं, आठवण म्हणून वर ठेवलेलं. मी माफी मागत राहिलो, सगळं खरवडून परत देतो म्हणालो. बाई रडल्या आणि मग हसायला लागल्या. म्हणाल्या, पोहायला गेलाच म्हणायचा शेवटी, हट्टी मेला. काही खरवडू नकोस. आणि चेमाला सांगू नकोस.

मला रडू यायला हवं होतं, किंवा निदान ओकारी. काही आलं नाही.

१ ऑगस्ट

दवाखान्यात गेलो. डॉक्टरने डोळे मिटायला सांगून सुई टोचली. केव्हा टोचणार म्हणून विचारलं, तर म्हणाला, नऊ वेळा टोचून झाली. मानेतली शीर दबली असेल, काम थांबव, असं सांगितलं. मनगटापर्यंत काही जाणवत नाही.

माझ्याकडे नववीचा अर्धा दाखला आणि हे दोन हात, एवढंच आहे. हात गेले तर मी कोण? हे लिहिताना घाबरायला हवं. घाबरलोय असं लिहितो.

बाईंच्या पूलमध्ये, खोल टोकाला, तळाशी पांढरं काही बसलंय. म्हणजे चीर आहे, भुकटी झिरपतेय. लांब दांड्याचा ब्रश घालून ढवळलं. पाणी निवळल्यावर पुन्हा तिथेच बसलं. दोन पंजे, बोटं पसरलेले.

चीर शोधून शिवायला हवी. माझं जे जातंय ते त्यातूनच पूलमध्ये उतरतंय. जे अजून जाळीवर आहे ते तरी थांबेल. पण चीर बोटांना लागते, आणि बोटं—

गाल लावून बघितला. गालाला कापड लागलं. सगळी जाळी गालाने चाचपली. सापडली नाही.

८ ऑगस्ट

गाल गेला. दोन्ही.

मिरचीचं लोणचं अख्खं खाल्लं, डॉन चेमा बघतच राहिला. या वेळी हसला नाही तो. म्हणाला, पोरा, तुझा चेहरा लोणच्याच्या बरणीसारखा झालाय. दोन आठवडे सुट्टी घे, फ्लॅगस्टाफला जा, झाडं बघ. आणि ते टिबेट्सचं घर मी करतो. म्हणालो, नको. सहा महिन्यांनी उघडायचा फिल्टर तू दर आठवड्याला का उघडतोस, त्याने विचारलं. सांगितलं नाही. त्याची बोटं गुळगुळीत असली तरी गरम कॉफीचा कप भाजतो त्याला. तेवढं राहू दे.

जावंसं वाटतही नाही. गाडीत पेट्रोल आहे, रस्ता आहे. भिंगरी थांबली.

तळाशी दंड झालेत, खांदे झालेत. बाई पायऱ्यांवर बसून पाण्यात हात घालतात. म्हणाल्या, धरतो रे. जोरात धरतो. पण ऑर्विनचे पंजे रुंद होते. हे तुझ्यासारखे आहेत.

आज जाळीवर ओठ लावले. जीभ लावली. चीर नाही.

१५ ऑगस्ट

अक्षर वाचता येत नाही माझं मलाच. पेन पडलं तरी कळत नाही. ढोपरापर्यंत पायही—

काटा बारावर. अगदी स्वच्छ. मी काही न करता. तळाशी काही नाही. पाणी निळंशार. तळ रिकामा.

टाकीवर माझ्या तारखा. पहिली नीट. दुसरी वाकडी. नंतरच्या नुसत्या ओरखड्यासारख्या. त्याखाली आणखी एक, ओल्या शाईची, मी लिहिली नाही: ८/१७. येत्या परवाची. सुबक. सातच्या पोटात आडवी रेघ.

बाईंना विचारलं. खिडकीतून बघत म्हणाल्या, त्याला लिहायची सवय आहे.

१७ ऑगस्ट

पेन बोटांना चिकटपट्टीने बांधलंय. दुपार. टाकीसमोर बसलोय, खडीवर. सगळ्या जाळ्या काढून वाळवंटात नेऊन जाळणार. माझं परत मिळत नसेल तर त्यालाही नको.

हातांवर भरवसा नाही. म्हणून एक पायरी, डोळ्यांनी खात्री, मग इथे लिहायचं.

पंप बंद केला. बघितलं.

हवा सोडली. बघितलं.

काटा शून्य. बघितलं.

हवेची चावी पुन्हा बसवली. का बसवली? सवयीने. की मी नाही बसव—

पट्टा अर्धा सैल. बघितलं. झाकण समोर, हातभर.

पंप सुरू झाला.

मी बाहेर आहे. बटण आत.

पाच. काटा पाच.

बाई खिडकीत. दोन्ही हात काचेवर. काही सांगत नाहीत.

शेडचं दार उघडं. बटणावर हात. ओला. अंगठ्यावर वाकडा पांढरा वण—

माझा.

सतरा. एकवीस. उठायचं. पाय बघतोय. पाय आहेत, पण ते हल