दारावरची ओळ

८ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोन करतेस आणि मी पत्र लिहितो, यावरून तुझ्या घरात हशा पिकतो, हे मला ठाऊक आहे. पण फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस. उरलेल्या अर्ध्यात भांडी विसळल्याचा आवाज येतो. पत्र वाचताना निदान हात कोरडे लागतात.

बातमी अशी, की आपलं जळालेलं नगरसभागृह पुन्हा उभं राहिलंय. छप्पर चढलं, खिडक्यांना काचा बसल्या, दर्शनी भिंत जुन्या फोटोंवरून हुबेहूब बांधली. आता फक्त मुख्य दारावरची दगडी पट्टी कोरी आहे. तिच्यावर पूर्वी जी ओळ होती, ती पुन्हा कोरायची की नाही, यावर पुनर्बांधणी समितीत जुंपली आहे. आणि निवृत्त संस्कृत शिक्षक हा रिकामा प्राणी असतो असा समज असल्यामुळे मलाही समितीवर घेतलंय.

ओळ तुला आठवत नसेल. आग लागली तेव्हा तू दुपट्यात होतीस. ‘स्मरे जो एक देवाला, त्याचेच घर हे असे.’ अनुष्टुभ आहे, थोडा लंगडा. मी बैठकीत अर्धा तास बोललो. जसं होतं तसं बांधायचं, तर आपल्याला आवडेल तेवढंच जसंच्या तसं आणि खुपेल ते गाळायचं, हे इतिहासाशी हातचलाखी करणं आहे, असं सांगितलं. तीन श्लोक ऐकवले. अध्यक्ष, म्हणजे आपले निवृत्त न्यायाधीश, माझे संध्याकाळचे बुद्धिबळाचे गडी, त्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात मतदान.

चिऊ परवा जेवायला आली होती. लग्न मे महिन्यात नोंदणी पद्धतीने, आणि तेही याच सभागृहात, असा तिचा हट्ट. उद्‌घाटनानंतरचं पहिलं लग्न आपल्या भाचीचं म्हटल्यावर मामाची छाती फुगणारच. त्या फुगलेल्या छातीसाठी कोट हवा. माझा लग्नातला कोट नमुना म्हणून तुझ्या सासऱ्यांकडे पाठवतो आहे. त्यांना सांग, अगदी हुबेहूब असाच शिवा, एका टाक्याचाही फरक नको.

जावईबापूंना नमस्कार. उत्तर लिहायचा आळस करू नकोस, एवढीच मागणी. माया तर तू देतेसच.

तुझा,
दादा

◆

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हात कोरडे करून लिहिते आहे.

कोट मिळाला. मामंजींनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, बंधुराजांनी हल्ली आरशात बघायचं सोडलंय का? मी म्हटलं, हुबेहूब हवा असा आग्रह आहे. ते म्हणाले, गिऱ्हाईक सांगेल तसं. या वयातही दुकान सोडत नाहीत आणि गिऱ्हाइकाचं ऐकायचंही सोडत नाहीत.

पण दादा, तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं हे चुकलं का, असं वाटतंय. ओळ आली तसं त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, ती ओळ पुन्हा लागणार असेल तर मी दारातून आत जायचा नाही. नात घरी येईल तेव्हा तिला बघेन. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. तुला माहीत आहे, हे लोक त्या ओळीतल्या देवाला मानणारे नव्हेत. माझ्या लग्नात तू एवढा मध्यस्थ झालास, आणि आता माझ्या मुलीच्या लग्नात तिचे आजोबाच नसावेत?

चिऊला अजून बोलले नाही. ती ऐकेल तर लग्नच दुसरीकडे हलवेल आणि मग मामंजींना वाटेल, आपल्यामुळे नातीची हौस गेली. मी मधल्या मध्ये दळली जाते आहे.

एक विचारते, रागावू नकोस. तुमच्या हुबेहूब इमारतीत लिफ्ट बसवली आहे ना? आग विझवायचे नळ? बायकांसाठी संडास? ते जुन्या फोटोत नव्हते. मग ज्यांना सोय हवी त्यांच्यासाठी इतिहास बदलतो, आणि ज्यांना ती ओळ टोचते त्यांच्यापुरताच तो जसाच्या तसा उभा राहतो, असं का?

हे घरचे इतरजण म्हणतात असं समज. मी आपली धाकटीच. माझ्यावरचा राग असेल तो कोटाच्या खिशात घाल, जीव मात्र तसाच ठेव.

तुझी,
धाकटी

◆

२७ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद, आणि थोडासा रुसवा.

संडासाचा मुद्दा मी समितीत मांडू शकत नाही. अध्यक्ष सभ्य गृहस्थ आहेत. पण रात्रीची झोप त्यानेच उडवली, हे तुला सांगायला हरकत नाही.

मी त्या ओळीसाठी का भांडतो, ते श्लोकांत बसत नाही म्हणून तुला लिहितो. मी शाळेत जायच्याही आधीची गोष्ट. बाबा घरपट्टी भरायला सभागृहात जात आणि मला खांद्यावर बसवून नेत. रांग दाराबाहेर यायची. ते मला वर बोट करायला लावायचे आणि एकेक अक्षर म्हणवून घ्यायचे. एका दगडावर एक शब्द होता. आयुष्यात मी पहिल्यांदा वाचलेला शब्द म्हणजे त्या पट्टीवरचा ‘घर’. तेव्हा देवबिव कुणाच्या डोक्यात होता! बाबांच्या केसांचा वास होता आणि अक्षरं होती. आगीत सगळे दगड तडकून गेले, बाबाही पुढे गेले. ती ओळ परत लागली, तर मान वर करून बघावं असं मला अजून काहीतरी उरेल.

आमच्या समितीतल्या औषधांच्या दुकानवाल्या बाईंचंही असंच आहे. पट्टीच्या कोरीव कामाचा खर्च त्या देणार आहेत. त्यांची आई आजारपणात खिडकीतून ती ओळ बघत पडून असायची. बाई भांडखोर नाहीत. त्यांना कुणाला बाहेर ठेवायचं नाही, आईला आत आणायचं आहे.

तुझ्या मामंजींचं दुखणं मला कळत नाही असं नाही, पण ओळ म्हणजे शेवटी दगडावरच्या रेघा, हे त्यांना कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. मागच्या वेळी दुकानाबाहेरच्या त्या दगडी बाकड्यावर बसून आम्ही दोघांनी चहा घेतला, तेव्हा किती मोकळे बोलत होते! दगड काय गार होता. मी त्यांना म्हटलंही, असा दगड आता मिळत नाही. ते नुसते हसले.

पुढच्या रविवारी कोट घालून बघायला येतो, तेव्हा मीच बोलेन. तोवर रुसवा संपलेला असेल, कारण तो तुला पेलवत नाही आणि मला जमत नाही.

तुझा,
दादा

◆

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी येण्याआधी हे वाच, नाहीतर तोंडघशी पडशील.

तुझं पत्र या वेळी मी मोठ्याने वाचलं नाही, पण ‘दगड काय गार होता’ इथे मला हसू फुटलं आणि मामंजींनी काय म्हणून विचारलं. सांगितल्यावर ते उठले, मला बाहेर घेऊन गेले आणि ह्यांना बाकडं भिंतीपासून पुढे ओढायला लावलं. भिंतीकडच्या बाजूला चुना आणि कोळिष्टकं होती. ती पुसल्यावर अक्षरं दिसली.

दादा, तो तुझा दगड आहे. ‘घर’ लिहिलेला. तुमच्या पट्टीतला एकच दगड आगीतून धड वाचला, आणि तू त्याच्यावर बसून चहा प्यायलास!

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्याच्यावर बसते आहे, पण मला पत्ता नव्हता. ह्यांनाही नव्हता. मामंजी म्हणाले, पुढचं मी स्वतः लिहीन, तू मध्ये पडू नकोस. तेव्हा सोबतचा कागद त्यांचा. मी वाचलेला नाही. (थोडा वाचला.)

माझी काळजी कर, म्हणजे मला करावी लागणार नाही.

तुझी,
धाकटी

◆

रा. रा. सूनबाईंचे बंधुराज यांस,
स. न. वि. वि.

पंडितजी, मला लिहायची सवय मापांपुरती. सांभाळून घ्यावे.

मुलगा झाला त्याची नोंद करायला मी सभागृहात गेलो होतो. आम्ही तेव्हा तुमच्याच गावात राहत होतो. खिडकीवरचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने टाक वर करून ती ओळ दाखवली आणि म्हणाला, आधी घरच्या लोकांचं होऊ दे. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बसायला काही नव्हतं. लोक येत होते, नोंदी करून जात होते. संध्याकाळी माझं काम झालं. नोंद व्यवस्थित केली, त्याबद्दल तक्रार नाही.

पुढे आग लागली. लोकांनी ढिगाऱ्यातून चौकटी नेल्या, गज नेले. मी हातगाडी आणून हा दगड नेला. खोटं कशाला सांगू, रागाने नेला. दुकानापुढे टाकायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच्यावर चपला काढायच्या, असा बेत होता. टाकला, आणि मी काही बोलायच्या आत पहिलंच गिऱ्हाईक, कडेवर पोर घेतलेली एक बाई, हुश्श करून त्याच्यावर बसली. तिला उठ म्हणवेना. तेव्हापासून दगड बसायलाच राहिला; पुढे दुकान इकडे हलवलं, तेव्हा तोही बरोबर आणला. अक्षरं भिंतीकडे फिरवली. माझ्या दुकानात कुणी उभं राहिलेलं मला चालत नाही, ते त्या दिवसापासून.

तुमच्या देवावर माझा राग नाही. तुमचं समितीत काय ठरायचं ते ठरो. मी फक्त त्या ओळीखाली पुन्हा उभा राहणार नाही. दगडावरच्या रेघा असत्या तर मीही हसलो असतो. मला तर त्या वाचून दाखवल्या होत्या.

कोट तयार आहे. सांगितलंत तसा. रविवारी यावे, संकोच करू नये. बसायला जागा तुमच्या ओळखीचीच आहे.

आपला,
चिऊचा आजा

◆

१६ मार्च

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद.

कोटाचं तू कुणाला सांगितलं नसशीलच, म्हणजे आतापर्यंत सगळ्यांना कळलं असेल. नमुन्याबरहुकूम, टाक्याला टाका, आणि एकही बटण लागेना. तुझ्या सासऱ्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की चूक कोटाची नाही. हा दृष्टान्त मी वर्गात दिला असता तर पोरांनी तो फार सोपा म्हणून उडवून लावला असता. त्यांनी आतून कापड सोडून ठेवलं होतं, म्हणून वाचलो. म्हणजे आज्ञाही पाळली आणि माझ्या अब्रूची सोयही केली.

त्यांना मी काहीच समजावलं नाही. दगडाच्या त्या बाजूवर हात फिरवला आणि चहा घेतला. बाबांच्या खांद्यावरून तो शब्द केवढा तरी मोठा दिसायचा. जवळून वीतभरच आहे.

काल मतदान झालं. मी बोलायला उभा राहिलो तर अध्यक्षांनी घड्याळ काढलं. मी म्हणालो, जुनी अक्षरं जुन्या लोकांनी कोरली. ती उभी असती, तर ते बोलले आणि आपण ऐकतो, असं म्हणता आलं असतं; मी ती पुसू दिली नसती. पण ती जळाली. आता नव्या दगडावर, आपल्या छिन्नीने, आपण कोरली, तर ते वाक्य आपलं होतं. दारात आलेल्या माणसाला ते आज आपण म्हणणार. मला ते म्हणायचं नाही. मागल्या खेपेला तुम्ही अर्धा तास याच्या उलट बोललात, असं अध्यक्षांनी लक्षात आणून दिलं. मी म्हटलं, श्लोक कायम आहेत, निष्कर्ष मागे घेतो.

पट्टी कोरी ठेवायची, आणि जुन्या दर्शनी भिंतीचा मोठा फोटो, ओळ वाचता येईल असा, आत जिन्यापाशी लावायचा, असं थोडक्या मतांनी ठरलं. विजय म्हणावा असं काही वाटलं नाही. औषधवाल्या बाई रडल्या. मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो आणि बाबांच्या खांद्याची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, मग तुमचा हात वर कसा गेला? दार लागलं. अध्यक्षांनीही आज बुद्धिबळाला यायला जमणार नाही असा निरोप धाडला. ते नेमके हरत होते, हा योगायोग समजू.

मी दगड मागितलेला नाही आणि मागणारही नाही. तूही सुचवू नकोस. चिऊला म्हणावं, आजोबा येतील.

माझ्या वाट्याला सध्या लोभ जरा कमी येतो आहे. तेवढी भर तू घाल.

तुझा,
दादा

◆

२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी काही सुचवलेलं नाही, तुझी शपथ. आज सकाळी मामंजींनी स्वतःच विचारलं, की त्या सभागृहात लोक थांबतात कुठे. मी म्हटलं, मला नाही ठाऊक. तर म्हणाले, दादाला विचार, दाराबाहेर भिंतीलगत एका दगडाची जागा आहे का. पट्टीवर नको, खाली. बसायला. पाटी नको, भाषण नको. आणि अक्षरं या वेळी पुढच्या बाजूला ठेवा म्हणाले.

मी विचारलं, मग दुकानात गिऱ्हाईक कुठे बसेल? त्यांनी दोन खुर्च्या आधीच आणून ठेवल्या आहेत.

जागा आहे ना रे? नसली तर कर. तुझ्यावरचा जीव वाढवायला मला तेवढं कारण पुरे.

तुझी,
धाकटी

◆

२१ मे

ती. चिऊच्या आजोबांस,
कृ. सा. न. वि. वि.

काल निघताना गर्दीत धड निरोप घेता आला नाही, म्हणून हे चार शब्द.

तुम्ही सगळ्यांच्या आधी येऊन दगडावर बसला होतात, ते मी रस्त्यापलीकडून पाहिलं. वर कोऱ्या पट्टीकडे तुम्ही एकदाच बघितलंत. तेवढ्यात औषधवाल्या बाई आल्या. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या पट्टीकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग तुम्ही सरकलात, आणि त्या गुडघा धरून बसल्या. तुम्ही काय बोललात ते ऐकू आलं नाही. त्यांचं बोट मात्र ‘घर’च्या कान्याकोपऱ्यातून फिरत होतं, हे इतक्या लांबूनही दिसलं. संध्याकाळी मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, शिंपीबुवा विचारत होते, आई कुठल्या खिडकीतून बघायची.

चिऊने सही केली तेव्हा तुम्ही आत होतात, तिच्या अगदी मागे. माझं पुढचं काही दिसेनासं झालं, ते चष्म्यामुळे.

नंतर मी बाहेर येऊन तुमच्या शेजारी बसलो, आणि त्याच क्षणी कोटाचं खालचं बटण तुटून पायरीवरून घरंगळत गेलं. तुम्ही हसला नाहीत, याबद्दल ऋणी आहे. बटण सापडलं आहे, खिशात ठेवलंय. रविवारी घेऊन येतो. खुर्चीवर बसेन म्हणतो, पण सवयीने भिंतीकडेच वळेन.

लोभ आहेच; पुन्हा इथे आलात, तर दगडावर माझ्यापुरतं सरकावं.

आपला,
चिऊचा मामा