राणीच्या गोठ्याचे दार

मी, सौ. भामाबाई धोंडिराम बनसोडे, वय एकसष्ट, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार कुंडल, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. बुद्धी शाबूत आहे. मनात मत्सर आहे, पण त्याला वेड म्हणत नाहीत. डॉक्टरांनी उन्हाळ्याची खात्री दिलेली नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

१. दागिने आणि बँकेतील ठेव साताऱ्याला दिलेली मुलगी प्रियदर्शनी हिला. जरीची साडीही तिलाच. तिने ती नेसावी, पेटीत ठेवून कसरीला खाऊ घालू नये.

२. सूक्ष्मदर्शक माझा विद्यार्थी कृष्णात याला. तो आता स्वतः विज्ञान शिकवतो. सातवीत अन्नसाखळी काढायला सांगितली, तर याने काढले: सूर्य, कडबा, म्हैस, धोंडिराममामा. तिथेच बाण संपला. मी कुठे, असे विचारले तर म्हणाला, "बाई, तुमी म्हशीचं दूध पीत न्हाई. तुमाला कुठं काढू?" वर्ग हसला. पूर्ण गुण दिले, राग अजून धरून आहे.

३. म्हैस म्हणजे राणी. पहिली राणी गेली, तिची रेडीही राणीच. आमच्याकडे हे नाव वारसाहक्काने चालते. माझे पती फौजेतून पेन्शनीत आले ते तिचेच झाले. तव्यावरची पहिली भाकरी तिला, दुसरी त्यांना. मला ते 'मास्तरीण' म्हणतात.

मी जन्मभर शिकवले, की खाल्लेल्यातला जेमतेम दहावा हिस्सा पुढच्या पायरीला पोचतो. बाकी जगण्यात खर्च होतो, उष्णता होऊन निघून जातो. तेव्हा भाकरी थेट माणसाने खावी, म्हैस विकावी. त्यांचे उत्तर ठरलेले: "भाकरीचं सोड. कडबा तू खातीस व्हय? न्हाई ना? मग ती खाती, आन् आपल्याला दूध देती. हाय का तुझ्या पुस्तकात?" पुस्तकात होते. म्हणून तर जास्त चिडत असे.

४. घर आणि माझ्या पगारातून घेतलेले वीस गुंठे पतींना, त्यांच्यामागे प्रियदर्शनीला. घर आणि गोठा यांमधले दार मी बुजवून घेतले होते. निमित्त वासाचे. थंडीत हे गोठ्यात राणीच्या पाठीला टेकून उबेला बसत, डुलक्या घेत. निसटून जाणारी उष्णता मी फळ्यावर शिकवत होते, आणि घरात ती यांना मिळत होती. माझ्याजवळ कधी असे बसले नाहीत.

हल्ली दुधाशिवाय माझ्या पोटात काही ठरत नाही. राणीचेच दूध हे कोमट करून आणतात, मी पिते. परवा पेला धरून म्हणाले, "कृष्णाताला सांगतो, बाण फुडं काढ म्हनून." आणि तोंड फिरवून उभे राहिले.

म्हणून माझ्यामागे राणी विकू नये. वीस गुंठ्यांतला कडबा तिचाच. बुजवलेले दार पुन्हा काढावे. यांना थंडी फार बाधते, आणि मी नसेन. पहिली भाकरी मात्र यांनी स्वतः खावी.

माझा फोटो त्या दाराच्या बरोबर समोर लावावा. दोघे मला दिसले पाहिजेत.

सही: भामाबाई धोंडिराम बनसोडे

आमच्यादेखत सही झाली:
१. नाथाजी कांबळे (सही)
२. हरणाबाई माने, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

कुंडल, १४ डिसेंबर १९९७