स्टुलावरच्या वस्तू

सोमवार, ३ तारीख
आज आम्ही इथे आलो. जागा छान आहे. बैठं घर, लांब व्हरांडा, खिडकीबाहेर पेरूचं झाड. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हिला इकडे पाठवताना मला बाजूला घेऊन समजावलं, की आता आजाराच्या मागे लागायचं नाही, फक्त त्रास होऊ द्यायचा नाही. मी मान हलवली. इथे मलाही हिच्या खोलीत खाट दिली आहे. दोन खाटा, दोन स्टुलं. कुठे काय दुखतं ते लिहायला सिस्टरने ही वही दिली. मी गोदामावर राखणदार होतो, सातवीपर्यंत शिकलो, पण अक्षर बरं आहे. सामान लावलं. खिडकीची कडी तीनदा तपासली. ही हसली.

मंगळवार, ४
इथली एक पद्धत आहे. रोज सकाळी सिस्टर हिच्याकडे बराच वेळ नुसती बघत बसते आणि मग दिवसभरात जे लागेल ते उशापासच्या स्टुलावर मांडते. आज तिने टब ठेवला. ही तर मजेत बोलत होती. मी म्हटलं, कशाला उगाच? पाच मिनिटांत हिला उलटी झाली. सिस्टरने पाठ चोळली, तोंड पुसलं. मी मधेच उभा होतो, दार अडवून.

गुरुवार, ६
ही म्हणाली, त्या पोरीला काही सांगावं लागत नाही हो. सहज म्हणाली. मला मात्र ते दिवसभर सलत राहिलं. सेहेचाळीस वर्षं रोज सकाळी हिने माझा चष्मा, कवळी आणि रुमाल न मागता हाताशी ठेवले. आणि हिला ताप आला तेव्हा मी हिलाच उठवून साखरेचा डबा कुठे आहे ते विचारलं होतं. शेजारच्या खोलीतला म्हातारा शिंपी मोठा टवाळ आहे. म्हणाला, आजोबा, पुरुषाला सवत आलेली मी पहिल्यांदा पाहतोय. मी हसलो नाही.

शनिवार, ८
आज उजाडायच्या आत उठलो आणि सिस्टरच्या आधी मीच स्टूल मांडलं. कपाटात हाताला लागली ती शाल ठेवली. बाहेर उकाडा होता, पण दहा वाजता ही कुडकुडायला लागली. मी शाल घातली. ही म्हणाली, आज बरं सुचलं तुम्हाला! जेवताना दोन घास जास्त गेले. सिस्टर आली तेव्हा मी मुद्दाम दारातच बसलो होतो.

रविवार, ९
जास्तीची उशी ठेवली. दुपारी हिला धाप लागली, उशी लागली. सिस्टर उशीकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, की आजोबा, मी आधी माणसाकडे बघते आणि मग वस्तू ठेवते. तुम्ही उलटं करताय. उद्यापासून माझ्यावर सोडा.
सोडा म्हणे. पोटात दुखतंय तिच्या.

मंगळवार, ११
दुपारी खोलीत शिरलो तर दोघी खिदळत होत्या. मला पाहून गप्प झाल्या. काय झालं विचारलं, तर ही म्हणाली, काही नाही, आमचं आपलं. आमचं!
बोलता न येणाऱ्यांसाठी व्हरांड्यात एक लिहायची पाटी असते. ती आणून मी स्टुलावर ठेवली. मला कळत होतं मी काय करतोय. लिहायला लाज वाटते, पण कळत होतं.
संध्याकाळी हिचा आवाज गेला.

बुधवार, १२
पाटी मागच्या आवारात फेकून दिली. आवाज आला नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं.
मग सुचलं. हिच्या चपला पुसून स्टुलावर ठेवल्या. चालायला लागली तर घरी नेईन.
चार वाजता ही उठली. आपली आपण! चपला घातल्या. शिंप्याने टाळ्या वाजवल्या. पण ही दाराकडे गेली नाही. माझ्या खाटेपाशी आली आणि माझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघत उभी राहिली.

गुरुवार, १३
सकाळी माझ्या स्टुलावर चष्मा, कवळी, रुमाल. घरच्यासारखं! डोळ्यांत पाणी आलं. सिस्टरसाठी कधी मांडलं होतं हिने काही?
सिस्टरने पाटी शोधून, धुऊन आणून दिली. हिने त्यावर लिहिलं, तुम्ही मागे एकटे कसे राहाल? तुम्हाला काही सापडत नाही.
मी म्हटलं, राहीन की. हिने मान हलवली. नाही म्हणून.

शुक्रवार, १४
माझ्या स्टुलावर चष्मा, कवळी, रुमाल. आणि टब.
मला काही होत नव्हतं. टब खाटेखाली ढकलला. नऊ वाजता तोच ओढून घ्यावा लागला.

शनिवार, १५
उशी. दोन उशा. धाप लागते —
सिस्टरला सांगितलं, हिला मांडू देऊ नकोस. तिने सगळं उचलून नेलं. परत आली तेव्हा स्टूल पुन्हा भरलेलं. ही खाटेवर, पायांत चपला.

रविवार, १६
पाटी. माझ्या स्टुलावर पाटी.
हाक मारली — ओठच हलले. शिंपी दारात आला, थट्टा करायला तोंड उघडलं, केली नाही. गेला.
कवळी ठेवली नाही आज. म्हणजे जेवण —

सोमवार
फक्त रुमाल. लांब घडी घातलेला. गेलेल्या माणसाच्या हनुवटीखालून डोक्यावर बांधतात, तसा.
सिस्टर माझा हात धरून बसली आहे. ही तिच्याकडे एकदाही बघत नाही. फक्त माझ्याकडे. किती दिवसांनी —
चष्मा नाही. कालचाच डोळ्यांवर आहे, पण स्टुलावर नाही. ही विसरली नसेल. सेहेचाळीस वर्षांत कधी विसरली नाही.
अजून दिसतंय मला. ओळ दिसते. हिचा हात दिसतो, चष्मा काढायला पुढे आलेला. खुणेनेच थांब म्हणतो, एवढं पुरं करू दे, मी तुला सांगितलं नाही की ती पाटी मीच