आधी आपण बसायचं

४ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि नव्या वर्षाचं पहिलं पत्र तुलाच. फोनवर मी दर दोन वाक्यांनी ‘एक मिनिट हं’ म्हणते आणि तेवढ्यात तुझी भाजी चिरून होते, म्हणून यापुढे पत्रच लिही असा तुझा हुकूम. तो शिरसावंद्य.

आमच्या ऑफिसाचं बिऱ्हाड नव्या जागेत हललं. खाली शिलाई मशीन दुरुस्त करणारे, वर आम्ही. दारावर ‘योग्य कामाला योग्य माणूस’ अशी पाटी लावली, तर दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले आणि मुलीसाठी स्थळ आहे का विचारू लागले. चहा देऊन परत पाठवलं. दुकानं, दवाखाने, कारखाने यांना आम्ही माणसं देतो हे समजावता समजावता तोंडाला फेस आला.

परवा खेळण्यांच्या दुकानात बसून आले. मालकिणीला काउंटरवर मुलगी हवी आहे. आमचा नियम तुला ठाऊकच आहे: जिथे माणूस पाठवायचं, तिथे आधी मी जाऊन दिवसभर ते काम करायचं. अगदी सुरुवातीला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलेली मुलगी जेवणाच्या सुट्टीत पळून आली आणि लाजेकाजेस्तव तिच्या जागी मीच जाऊन बसले, तेव्हापासूनचा हा नियम. त्या खुर्चीची पाठ ड्रिलच्या खोलीला टेकलेली होती. संध्याकाळी माझेच दात शिवशिवत होते.

या दुकानात एक बाहुली आहे, जवळून कुणी गेलं की गाते. दुपारपर्यंत मी तिची मान पिरगळायच्या बेतात आले. तिच्यातला सेल काढून ठेवा, मग मुलगी पाठवते, असं मालकिणीला सांगितलं. ती हसली, पण सेल काढला. पाणी कुठे प्यायचं, पिशवी कुठे ठेवायची, साहेब ओरडतात ते कशावरून, एवढं नव्या माणसाला आधीच सांगता आलं की ते माणूस टिकतं. आमचं नाव झालंय ते त्यावरच.

भावोजींना नमस्कार. पत्र लांबलं तरी रागावू नकोस, आणि माया पातळ करू नकोस.

तुझी,
छकू

१९ जानेवारी

चि. छकूस,

अनेक आशीर्वाद. नातवंडं व्हायच्या वयात तुला छकू म्हणताना माझीच जीभ अडखळते, पण आता बदलणं होणार नाही.

इकडे सगळं ठीक. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून मी घराला शिस्त लावते आहे. मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. मग तुझ्या भावोजींची हत्यारं लावली. त्यांना आता पेचकस सापडत नाही आणि मला विचारायची हिंमत होत नाही, म्हणून बिचारे नखाने स्क्रू फिरवतात. काल त्यांनी फार गोड आवाजात मला विचारलं, की एखादा छंद लावून घ्यावा असं वाटत नाही का. मी सांगितलं, तोच चालू आहे.

खरं सांगू का, सकाळी साडी नेसून तयार होते आणि मग कुठे जायचं ते आठवत नाही. शाळेत माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. आता हलतंय, आणि छान हलतंय म्हणे. याचं मला वाईट वाटतं, ते तुझ्यापाशी बोलून दाखवते.

बाहुलीची गोष्ट यांना वाचून दाखवली. दिवसभर हसत होते. तू दुपारी वेळेवर जेवतेस का? त्याबद्दल पत्रात अक्षर नाही.

इथे सगळ्यांची तुझ्यावर माया आहे, माझी जरा जास्त. ती धरून राहा.

ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. बातमी अशी आहे की मला बसवत नाहीये. तुझ्याच गावाबाहेर काचेच्या भांड्यांचं मोठं गोदाम उघडलंय. पेले, बरण्या, कपबशा कागदात गुंडाळून खोक्यात भरायच्या. त्यांना माणसं हवीत, आणि ती सगळी आमच्याकडून. इतकं मोठं काम आजवर आमच्या वाट्याला आलं नव्हतं. हे नीट झालं तर पुढच्या प्रत्येक गोदामाला तेच आमचं नाव सांगतील, आणि बिघडलं तर तेही सांगतील.

तिथे शाखाही काढली. माझ्या हाताखाली तयार झालेली चष्मेवाली तिथे बसते. पोरगी हुशार आहे, नुसती घाई फार करते, म्हणजे माझ्यावरच गेली आहे. मला यायला जमलं नाही, कारण इकडे एक पाय ऑफिसात आणि एक जिन्यात. गोदामाचे फोटो मात्र मागवून घेतले. लख्ख जागा, मोठ्या खिडक्या, ओळीने टेबलं. माणसं कामावर रुजू झालीसुद्धा.

जेवणाचं म्हणशील तर जेवते. घाईत आहे, पुढचं पत्र मोठं लिहीन. तोवर या चिटोऱ्यावरच लोभ ठेव.

छकू

२० फेब्रुवारी

चि. छकूस,

आशीर्वाद. फोटोत जागा लख्ख दिसली हे वाचलं. तू तिथे बसून बघितलंस का, एवढंच कळव.

ताई

६ मार्च

चि. छकूस,

सप्रेम आशीर्वाद. मी पत्र लिहीत नसतो हे तू जाणतेस, त्यामुळे घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत.

तुझ्या ताईच्या प्रश्नाला तुझं उत्तर आलं नाही. दोन-चार दिवस तिने वाट पाहिली आणि मग एका सकाळी डबा भरून घराबाहेर पडली. तेव्हापासून रोज जाते. वाचनालयात जाते असं सांगते. आता वाचनालयातून येणाऱ्या माणसाच्या केसांत पुठ्ठ्याचा भुसा कसा, हे मी विचारलेलं नाही. संध्याकाळी कंबर धरून येते, गरम पाण्याची पिशवी मागते आणि गुणगुणत स्वयंपाक करते. डब्यांकडे ढुंकूनही बघत नाही. माझा पेचकस मला सापडला.

तिला हे पत्र कळू देऊ नकोस. मला तिच्या कंबरेची काळजी वाटते, पण गुणगुणणं थांबू नये असंही वाटतं, तेव्हा काय करावं ते तूच ठरव. इकडची आठवण ठेव.

तुझे भावोजी

९ मार्च

माननीय संचालिका यांस,

सविनय तक्रार की, आपल्या संस्थेने मला ज्या जागी कामाला पाठवलं आहे, त्या जागेबद्दल मला काही सांगायचं आहे.

छकू, दचकू नकोस, मीच आहे. तू उत्तर दिलं नाहीस त्यावरूनच मला उत्तर कळलं. मग मी तुझ्या शाखेत जाऊन नाव नोंदवलं. चष्मेवालीने मला ओळखलं नाही. वय विचारलं, मी खरं सांगितलं. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली, कारण तिला माणसं कमी पडत होती.

तुझ्या फोटोतल्या खिडक्या खऱ्या आहेत. टेबलंही खरी आहेत, पण ती बसून काम करायच्या उंचीची आहेत. आणि स्टुलं कुठे आहेत? मागच्या भिंतीशी, एकावर एक रचलेली. बसलेली माणसं आळशी दिसतात असं पाहणीला आलेल्या कुणा मोठ्या साहेबांना वाटलं, म्हणून ती उचलली. आता सगळ्या बायका दिवसभर कंबरेत वाकून कपबशा गुंडाळतात. दुपारनंतर हात थरथरतात, कप फुटतात, आणि मॅनेजर फुटलेल्या कपांवरून बोलतात. फोटोत वाकलेली कंबर दिसत नाही गं.

काम मला आवडतं. कप कागदात कसा वळवायचा ते आता मी इतरांना शिकवते. पण काल माझ्या शेजारची म्हणाली, की ती बाई म्हणे आधी स्वतः बसून बघते आणि मगच माणूस पाठवते, तिचीच का ही संस्था. या आठवड्यानंतर ती यायची नाही, आणि तिच्यासोबत आणखी बऱ्याच जणी. मी तुझी बहीण आहे हे मला सांगवलं नाही. सांगितलं असतं तर मान खाली घालावी लागली असती, आणि तुझ्यापायी मान खाली घालायची मला सवय नाही.

कारवाई व्हावी ही विनंती. आशीर्वाद आहेतच, ते तक्रारीमुळे कमी होत नाहीत.

ताई

१८ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, या वेळी अगदी जमिनीला कपाळ टेकून.

तुझं पत्र वाचलं त्याच पावली निघाले, हे तू पाहिलंसच. तुझ्या शेजारी दिवसभर वाकून उभी राहिले. तू माझा कप काढून घेतलास आणि पुन्हा नीट गुंडाळून दिलास. शाळेत माझ्या वह्यांना कव्हरं अशीच घालायचीस. मला रडू आलं, आणि ते पुठ्ठ्याच्या भुशामुळे आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

मॅनेजरना दुसऱ्या दिवशी मी हात जोडून टेबलाशी बोलावलं आणि एक खोकं भरून दाखवायला सांगितलं. भला माणूस, कोट काढून उभा राहिला. खोकं अर्धं भरायच्या आत त्यानेच स्टुलांकडे मान वळवली. चष्मेवालीने आज कळवलं, की स्टुलं आली, कप फुटणं थांबल्यातच जमा आहे, आणि तुझी शेजारीण राहिली. तू काम सोडल्यावर तिने विचारलं म्हणे, की ती म्हातारी कुठे गेली. माफ कर, शब्द तिचा आहे.

ताई, मला आता सगळीकडे जाऊन बसणं जमत नाही आणि न बसता माणसं पाठवणं जमू नये. तूच हे काम कर. प्रत्येक नव्या जागी आधी तू बसायचं, आणि तू हो म्हटल्याशिवाय तिथे कुणी जाणार नाही. रीतसर नोकरी आहे, उपकार नाहीत.

तिथून निरोप घेताना हेच विचारलं होतं, तेव्हा तू म्हणालीस, की कुठल्याही नोकरीला हो म्हणण्याआधी ती जागा बसून बघावी लागते, तेव्हा आधी या छकूच्याच खुर्चीत एक दिवस बसणार. अट मान्य आहे. ये. भावोजींना पेचकसासह आण, आमचं दार कुरकुरतं.

वाट पाहते. इथवर माया केलीस तशी पुढेही कर.

छकू

२ एप्रिल

चि. छकूस,

अनेक आशीर्वाद. तुला घरी बसवून काल दिवसभर तुझ्या खुर्चीत बसले. अहवाल देते.

खुर्चीचा डावा पाय आखूड आहे, त्याखाली तू पुठ्ठा घातला आहेस. फोन थांबत नाही. पाण्याचा माठ जिन्याखाली आहे आणि तिथवर जायला कधीच सवड होत नाही, त्यामुळे मी संध्याकाळपर्यंत तहानलेली होते. तुझ्या खणात सुकलेली अर्धी पोळी सापडली. तुझी जेवायची वेळ कधी असते असं ऑफिसातल्या मुलींना विचारलं, तर त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. संध्याकाळी कुणीतरी येऊन दिवा लावला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की दिवसभर मला कुणी कशी आहेस म्हणून विचारलंच नव्हतं.

एवढ्या वर्षांत तू सगळ्यांच्या जागी बसून आलीस. तुझ्या जागी कुणी बसून बघितलं नाही, मीसुद्धा नाही.

तेव्हा माझा निर्णय असा. तुझ्या संस्थेतली नोकरी मी स्वीकारते, सोमवारपासून रुजू होते. पण ही संचालिकेची जागा माणसाला पाठवण्याजोगी नाही. माठ वर आणवला आहे. यांनी खुर्चीचा पाय नीट केला. जेवणाच्या सुट्टीत फोन माझ्याकडे वळवायचा, मी कुठल्याही गावी असले तरी उचलणार, आणि ‘एक मिनिट’ म्हणणार नाही. एवढं झालं, की मग माझ्या बहिणीला तिथे पाठवायला माझी हरकत नाही.

तोवर घरीच राहा आणि जेव.

तुझी,
ताई